सोसायटीच्या फळ्यावर आठवड्याचं हवामान कसं लिहावं? आणि आपल्याकडचे कोणते ढग खरंच पाऊस देतात? (ठाणे, घोडबंदर रोड)

वाघबीळकर

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी फळ्यावर पुढच्या आठवड्याचं हवामान लिहायचं ठरलंय. नुसती हौस नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या टाकीची सफाई, झाडांची छाटणी, तळघरातल्या पार्किंगचा पंप आधी चालवून बघणं, ही सगळी कामं त्यावरून लावायची आहेत. शेजारी मुलांसाठी ढगांचा तक्ताही लावायचाय.

अडचण अशी की मोबाइलवरची तीन अ‍ॅप एकाच दिवसासाठी तीन गोष्टी सांगतात. एकात ८० टक्के पाऊस, दुसऱ्यात नुसता ढग, तिसऱ्यात वीज. बातम्यांत ठाण्याला ऑरेंज अलर्ट असतो आणि इथे कपडे वाळत असतात. कधी काहीच इशारा नसतो आणि अर्ध्या तासात गटारं भरून वाहतात. मग फळ्यावर लिहायचं तरी काय, आणि सात दिवसांपैकी किती दिवसांचं खात्रीने लिहावं?

ढगांचंही तसंच. पुस्तकात दहा प्रकार आहेत, फोटो बहुतेक परदेशातले. आपल्याकडे कुठल्या महिन्यात कोणते दिसतात, आणि कोणता दिसला की गच्चीवरचं काम थांबवावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कुलाबा_८३०

अलर्टपासून सुरुवात करतो, निम्मा गोंधळ तिथेच आहे. हवामान खात्याचा रंगीत इशारा जिल्ह्याला असतो, शहराला नसतो. ठाणे जिल्हा भाईंदरच्या किनाऱ्यापासून शहापूर-मुरबाडच्या घाटपायथ्यापर्यंत पसरलाय, आणि सह्याद्रीकडे सरकाल तसा पाऊस वाढत जातो. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' मधलं ते तुरळक ठिकाण मुरबाड तालुक्यात असलं तरी इशारा बरोबरच ठरतो. नवी मुंबईकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरमध्ये बसून ठाण्याचा रंग बघणं म्हणजे शेजाऱ्याचा ताप मोजणं.

इशाऱ्यातला प्रत्येक शब्द मोजून घेतलेला असतो. 'तुरळक' किंवा 'एक-दोन ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्मी, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्मी ते पाऊण, आणि 'बहुतांश' किंवा 'सर्वदूर' म्हणजे पाऊण हिश्शापेक्षा जास्त. प्रमाणाचे आकडे २४ तासांचे: २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. हे दोन्ही कोष्टक फळ्याच्या एका कोपऱ्यात कायमचे रंगवून ठेवा. रंग मात्र नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही, शक्यता आणि संभाव्य परिणाम दोन्ही धरून देतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

आकाशाच्या वर्णनालाही माप आहे. आकाशाचे आठ भाग कल्पून ३-४ भाग झाकलेले असले तर 'अंशतः ढगाळ', ५ ते ७ असले तर 'सामान्यतः ढगाळ'. यात पावसाचा काही संबंध नाही, हे लोकांना सांगावं लागतं.

दिवस कुठे सुरू होतो तेही बघा. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, त्यामुळे रविवारी रात्री पडलेला पाऊस सोमवारच्या नोंदीत जातो. इशाऱ्याचा पहिला दिवससुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा. 'सोमवारी मुसळधार' याचा अर्थ मंगळवारी पहाटे पाच वाजताही होऊ शकतो, आणि तळघराचा पंप नेमका तेव्हाच लागतो.

आता सात दिवसांचं. मुंबई प्रादेशिक केंद्राचा जिल्हावार इशारा साधारण पाच दिवसांचा आणि शहराचा अंदाज सात दिवसांचा मिळतो. पण सातही दिवस एकाच ठसठशीत अक्षरात लिहू नका. पहिले दोन दिवस सकाळ-दुपार-रात्र असं फोडून लिहिता येतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत फक्त वर्ग लिहा: हलका, मध्यम, मुसळधार. सहावा-सातवा दिवस एकत्र करून 'जोर वाढण्याकडे कल' किंवा 'उघडीप वाढेल' एवढंच. हा कल खात्याच्या दर गुरुवारी निघणाऱ्या विस्तारित अंदाजातून घ्या. त्यात पुढच्या काही आठवड्यांचं चित्र आठवडावार असतं. रविवारी दुपारचं पत्रक आल्यावर फळा लिहायचा आणि बुधवारी पुसून पुन्हा लिहायचा. बुधवारी जो बदलत नाही तो फळा न लिहिलेला बरा.

अ‍ॅप वेगवेगळं सांगतात कारण त्यांच्या मागची गणितं वेगळी आहेत. प्रत्येक प्रारूप (हवामानाचं संगणकी गणित) नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करतं. अमेरिकी जीएफएस प्रारूपाचा चौकोन सुमारे १३ किमीचा, युरोपीय प्रारूपाचा ९ किमीचा. आपल्याकडे मे २०२५ पासून ६ किमीचं भारत फोरकास्ट सिस्टीम आलं. तुमच्याकडे एकाच ९ किमीच्या चौकोनात येऊरचा डोंगर, घोडबंदर रोड आणि खाडी तिन्ही बसतात. त्या चौकोनाला एकच उत्तर मिळतं. ८० टक्के म्हणजे शहराच्या ८० टक्के भागात किंवा दिवसाच्या ८० टक्के वेळ पाऊस असंही नव्हे. त्या ठिकाणी त्या कालावधीत मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता. जुलैत ती रोजच ८०-९० असते आणि त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा मिलिमीटर बघा. ऑक्टोबरात उलट, तेव्हा टक्क्यांना अर्थ असतो.

स्थानिक फरक किती असू शकतो? २६ जुलै २००५ च्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी. दोन्ही वेधशाळा मुंबईतच.

वॉटरप्रूफिंगला नुसता कोरडा दिवस पुरत नाही. लेपाच्या डब्यावर सुकण्याचा जो वेळ दिला असेल तेवढा सलग कोरडा काळ हवा, आणि त्याआधी स्लॅब कोरडा झालेला हवा. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तरी त्यानंतरचे दोन आठवडे दुपारच्या वळवासारख्या सरी येतात, म्हणून ऑक्टोबरात लेप सकाळी लवकर लावून घ्या. मोठं काम असेल तर नोव्हेंबर उजाडू द्या.

आकाशदर्शी

वरचा प्रतिसाद कापून फळ्यावर चिकटवावा असा आहे. मी ढगांचं लिहितो.

तक्त्यात सारख्या मापाचे दहा चौकोन काढू नका. ते शाळेच्या परीक्षेसाठी ठीक. ठाण्यात बसून बघणाऱ्याला ऋतूनुसार तक्ता जास्त उपयोगी पडतो, कारण निम्मे प्रकार निम्मं वर्ष दिसतच नाहीत.

आधी ओळखायची पद्धत. ढगांचे पुंजके दिसत असतील तर हात सरळ लांब करून बोटांनी मोजा. ढग क्षितिजापासून बराच वर, निदान ३० अंशांवर असायला हवा. पुंजका करंगळीच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांत मावणारा असेल तर आल्टोक्युम्युलस. तीन बोटांपेक्षा मोठा असेल तर स्ट्रेटोक्युम्युलस. उंची डोळ्यांनी कुणालाच कळत नाही, हे माप मात्र मुलांनाही जमतं.

थर असेल तर सूर्याकडे बघा, पण थेट नको. सूर्य इमारतीच्या कडेआड येईल असं उभं राहा. जमिनीवर सावली पडतेय आणि सूर्याभोवती खळं आहे, तर सिरोस्ट्रेटस. खळ्याची त्रिज्या २२ अंश, म्हणजे लांब केलेल्या हाताची अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत. सूर्याची जागा कळतेय पण सावली पडत नाही आणि खळंही नाही, तर आल्टोस्ट्रेटस. सूर्य कुठे आहे तेच कळत नाही आणि पाऊस लागून राहिलाय, तर निंबोस्ट्रेटस. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं लहान रंगीत वलय हे खळं नव्हे, ते पातळ आल्टोक्युम्युलसमधल्या पाण्याच्या थेंबांमुळे दिसतं.

खळं दिसलं की पाऊस, या नियमावर मात्र फार विसंबू नका. युरोपात सिरस (खूप उंचावरचे तंतूसारखे ढग), मग सिरोस्ट्रेटस, मग आल्टोस्ट्रेटस आणि शेवटी निंबोस्ट्रेटस अशी रांग दीड-दोन दिवसांत येते, कारण तिथे उबदार आघाडी, म्हणजे गार हवेवर चढत येणाऱ्या उबदार हवेची सीमा, सरकत येते. कोकणात अशा आघाड्या नसतात. इथलं खळं बहुतेक वेळा दूर कुठेतरी वाढलेल्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावरून पसरलेल्या बर्फकणांचं असतं. तो ढग तुमच्याकडे येईलच असं नाही.

ऋतूंकडे येऊ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश बरंचसं मोकळं. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ गेला की वर सिरसचे तंतू येतात. पहाटे खाडीलगत स्ट्रेटस (ढगाचा बुटका, सपाट थर) किंवा धुकं, जे ऊन चढलं की विरतं. या काळात तक्ता जवळजवळ रिकामा राहतो, आणि तेच बरोबर आहे.

मार्च ते जूनचा पहिला आठवडा हा ढग शिकायचा खरा मोसम. दुपारी येऊर आणि पारसिकच्या डोंगरांवर छोटे क्युम्युलस उठतात. तळ सपाट, रुंदी उंचीपेक्षा जास्त. यातून पाऊस नाही. तळाची उंची काढायला सोपा हिशेब: तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा) वजा करा आणि १२५ ने गुणा. मेमध्ये ३४ आणि २५ असेल तर ९ गुणिले १२५, म्हणजे सुमारे ११०० मीटर. जुलैत २९ आणि २५ असेल तर ५०० मीटर. हे गणित मुलांना जरूर द्या.

ढगाची उंची रुंदीपेक्षा वाढली की सावध व्हा. माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ठसठशीत कडांचा असेल तोवर तो वाढता क्युम्युलस. माथ्याच्या कडा पुसट, तंतुमय झाल्या की वर बर्फ तयार झालं आणि तो क्युम्युलोनिंबस झाला. इथपासून वीज कधीही पडू शकते. पुढे माथा पसरून ऐरण बनते. आपल्या अक्षांशावर हा माथा १५-१६ किमीपर्यंत जातो.

मेमध्ये सकाळीच आल्टोक्युम्युलसच्या ओळीतून छोटे बुरूज वर निघालेले दिसले तर मधल्या थरातली हवा अस्थिर आहे असं समजा आणि दुपारी पूर्वेकडे लक्ष ठेवा. मे आणि ऑक्टोबरात गडगडाटी ढग दुपारी मुरबाड-बदलापूर-कर्जतच्या बाजूला, घाटाच्या आधाराने वाढतात. वरचे वारे पूर्वेकडून असले तर आधी ऐरण ठाण्यावर येते, चार-पाचच्या सुमारास ऊन मंदावतं आणि सगळे म्हणतात नुसतं ढगाळलंय. मूळ ढग इथवर पोचेल का, हे ३ ते ६ किमी उंचीवरच्या वाऱ्यावर ठरतं. विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये ७०० आणि ५०० हेक्टोपास्कलचा (हवेच्या दाबाच्या या पातळ्या साधारण त्याच उंचीवर असतात) वारा बघा. तो पूर्वेकडून आणि ताशी २० किमीपेक्षा जास्त असेल तर गच्ची रिकामी करायची तयारी ठेवा.

शेवटचा इशारा ढग स्वतः देतो. पाऊस येण्याआधी पूर्वेकडून अचानक गार झोत येतो, क्षितिजावर खाली लोंबणारी गडद पट्टी किंवा धुळीची भिंत दिसते. हातात पाच ते पंधरा मिनिटं असतात. १३ मे २०२४ ला दुपारी मुंबई-ठाण्यावर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं, तेव्हा नुकसान पावसाने कमी आणि या झोताने जास्त केलं. म्हणून मेमध्ये फळ्यावर पावसापेक्षा 'वाऱ्याचा वेग ताशी ४०-५० किमी' ही ओळ मोठी लिहा आणि गच्चीवरचे पत्रे, ताडपत्र्या, सुटी झाकणं बांधून घ्या.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किमीच्या आत आहे. गच्चीवर कुणी राहता कामा नये. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास वर जायचं नाही. मदतीला पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहेच.

छत्री_विसरलो

हे सगळं मे आणि ऑक्टोबरचं झालं. जुलैत घोडबंदरला वर बघितलं तर एकच राखाडी चादर. फ्लॉवर नाही, ऐरण नाही, गडगडाट नाही, आणि तरी दोन तासांत गुडघाभर पाणी. उपग्रहाच्या चित्रातही कित्येकदा आपल्यावर दाट पांढरं काही दिसत नाही. तेव्हा ढगांचा तक्ता पावसाळ्यात शोभेचाच नाही का?

आकाशदर्शी

शोभेचा नाही, फक्त बघायच्या गोष्टी बदलतात. उपग्रहाचा मुद्दा अगदी योग्य काढलात.

मान्सूनमधला कोकणातला बराच पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. निंबोस्ट्रेटस किंवा स्ट्रेटोक्युम्युलसच्या थरात दडलेले क्युम्युलस असतात, माथा बऱ्याचदा ५ किमीच्या आसपास, म्हणजे शून्य अंशाच्या रेषेच्या खालीच. बर्फ नाही म्हणून वीज नाही. आणि माथा उबदार म्हणून इन्सॅट उपग्रहाच्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात तो पांढराशुभ्र न दिसता राखाडी दिसतो. अवरक्त चित्र माथ्याचं तापमान दाखवतं, पाऊस नाही. पावसाळ्यात दिवसा दृश्य प्रकाशाचं चित्र बघा, आणि खरं म्हणजे रडार बघा.

आकाशात तीन गोष्टी बघायच्या. पहिली दिशा. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेला पळतात, कारण एक-दीड किलोमीटरवर मान्सूनचा पश्चिमी प्रवाह असतो. मधेच फट पडली तर वरचे सिरस उलट, पूर्वेकडून पश्चिमेला जाताना दिसतील. १४-१६ किमीवरचा पूर्वेकडून येणारा झोतवारा तो. खालच्या ढगांचा वेग वाढला आणि दिशा नैर्ऋत्य-पश्चिम अशी टिकून राहिली तर सरी एकामागून एक येत राहतील. खालचा वारा मंद पडून वायव्येकडे किंवा उत्तरेकडे वळला की बहुधा उघडीप. दुसरी गोष्ट तळ. येऊरच्या डोंगराची धार ढगात बुडाली आणि खाली फाटक्या चिंध्या पळू लागल्या तर जोराची सर जवळ आहे. तिसरी, पश्चिमेच्या क्षितिजालगतचा उजेड. सर चालू असताना तिथे उजेडाची पट्टी दिसली तर पंधरा-वीस मिनिटांत ती सर ओसरते.

तिसऱ्या खुणेत घोडबंदरवाल्यांची पंचाईत आहे. तुमच्या पश्चिमेला डोंगरच उभा, त्यामुळे येणारी सर डोक्यावर आल्यावरच दिसते. वाशी-नेरूळच्या खाडीकिनाऱ्यावरून पश्चिम मोकळी दिसते, तिथे ही खूण उत्तम चालते. तुम्हाला रडारच हवं.

मुंबईसाठी कुलाब्याचं आणि जोगेश्वरीजवळच्या वेरावलीचं रडार बघता येतं. वेरावली ठाण्यापासून हवेतून सुमारे १५ किमी, म्हणून आधी ते उघडा. चित्रं साधारण दर दहा मिनिटांनी बदलतात. 'मॅक्स झेड' हे सगळ्यांचं आवडतं चित्र, पण ते उभ्या स्तंभातली सर्वांत मोठी किंमत दाखवतं. वर बर्फ असेल आणि खाली थेंबही पडत नसेल तरी तिथे रंग येतो. जमिनीवरचा पाऊस हवा असेल तर 'एसआरआय' घ्या, तो ताशी मिलिमीटरमध्ये असतो. रडारच्या आणि तुमच्यामध्ये मोठी सर असेल तर वेरावलीचं चित्र त्यामागचा पाऊस कमी दाखवतं, कारण त्याच्या लहान लहरी पावसात क्षीण होतात. अशा वेळी कुलाब्याचं जोडीला बघावं, त्याच्या लांब लहरींना हा त्रास कमी होतो.

वेग काढायचा तर दोन चित्रांत पट्टा किती सरकला ते मोजा. दहा मिनिटांत ५ किमी म्हणजे ताशी ३०. भाईंदर-बोरिवलीवर असलेला पट्टा तुमच्यापासून १५ किमी दूर असेल तर अर्धा तास. फसगत होते ती पट्टा हलतोय पण संपत नाही तेव्हा. समुद्रावर त्याच जागी नवे ढग तयार होत राहतात आणि एकाच वाटेने येत राहतात. पट्ट्याच्या पूर्व टोकाची हालचाल बघू नका, पश्चिमेचं टोक जागचं हलतंय का ते बघा. ते हलत नसेल तर पंप चालू ठेवा. बातम्यांत 'किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा, दक्षिण गुजरात ते केरळ' असं आलं की असे दिवस येतात. तो शब्दप्रयोग पत्रकात दिसला तर फळ्यावर लाल खडूने लिहा.

भांग_उधाण (वाशी)

तुम्ही सगळे वर बघताय, खालचं पाणी कोण बघणार? नवी मुंबईत आणि ठाण्याच्या खाडीकडच्या भागात आठवड्याच्या फळ्यावर भरतीचा रकाना हवाच.

वाशी-बेलापूरकडचे बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. ओहोटीला झडपा उघडून तलावाचं पाणी खाडीत जातं, भरतीला झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. भरतीच्या आगेमागे दीड-दोन तास जोराचा पाऊस पडला तर ते पाणी जायला वाटच नसते. तलावात गाळ असेल किंवा झडपेत प्लास्टिक अडकलं असेल तर आणखी लवकर तुंबतं.

फळ्यावर ४.५ मीटर किंवा त्याहून मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळ लिहा. अशा भरत्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत येतात, आणि मुंबईत त्या दिवशी पाणी दुपारी बाराच्या सुमारास व मध्यरात्रीनंतर चढतं. अष्टमीच्या भांगाला भरती लहान. तक्ता हाताशी नसेल तर कोळ्यांचा जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. पाऊण-एक तासाचा फरक पडतो, तेवढ्यावर नोटीस लावू नका, पण तक्ता वाचताना दिवस चुकलाय का ते लगेच कळतं. दुसरी भरती साडेबारा तासांनी, आणि रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. छापील वेळा अपोलो बंदराच्या असतात, खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं.

घोडबंदरला उंचावर भरतीचा थेट त्रास नाही, पण तुमची माणसं कामाला कुठून जातात ते बघा. विटाव्याचा रेल्वेपुलाखालचा रस्ता किंवा वंदना टॉकीजचा परिसर तुंबला की ठाण्याबाहेर पडणं मुश्कील. आणि मुसळधार ६५ मिमी २४ तासांत पडला तर काही होत नाही, तोच तासाभरात पडला तर रस्त्याची नदी होते. २४ तासांचा आकडा तुंबण्याबद्दल फारसं सांगत नाही.

वाघबीळकर

सर्वांचे मनापासून आभार. यावरून जुलैतल्या एका आठवड्याचा कच्चा फळा केलाय, आकडे नमुन्यादाखल:

'सोम: मध्यम, रात्री जोर. मंगळ: मुसळधार (जिल्ह्यात काही ठिकाणी), नारिंगी. भरती दु. १२:४०, ४.६ मी. बुध: मुसळधार ९० मिमी. गुरु-शुक्र: मध्यम. शनि-रवि: पाऊस नाही. खात्री ८० टक्के.'

चुका काढा. आणि एक विचारायचंय: आपला अंदाज बरोबर आला की नाही हे बघायला गच्चीवर साधं पर्जन्यमापक करता येईल का? विकतचं यंत्र सध्या बजेटमध्ये नाही.

कुलाबा_८३०

फळ्यात तीन दुरुस्त्या. बुधवारचा '९० मिमी' काढून टाका. तीन दिवस आधी इतका नेमका आकडा द्यायला आधार नाही, वर्गच लिहा. 'शनि-रवि पाऊस नाही' हे जुलैत कधीच लिहू नका, 'जोर कमी' लिहा. शेवटची '८० टक्के खात्री' सगळ्या आठवड्याला एकच कशी असेल? दिवसागणिक 'जास्त / मध्यम / कमी' असं लिहा; सोम-मंगळ जास्त, शनि-रवि कमी. वर 'रविवार दुपारच्या पत्रकानुसार' आणि खाली 'बुधवारी बदलेल' एवढं घाला. मंगळवारची ओळ उत्तम आहे, त्यातच 'तळघराचा पंप सोमवारी संध्याकाळी तपासणे' जोडा.

पर्जन्यमापक सहज होतं. आतला व्यास बरोबर १६ सेंमी असलेलं प्लास्टिकचं फनेल घ्या. त्याचं तोंड सुमारे २०० चौरस सेंमी भरतं, आणि हवामान खात्याच्या एका प्रमाणित मापकाचं क्षेत्रफळही तेवढंच आहे. फायदा असा की १ मिमी पाऊस म्हणजे २० मिली पाणी. साठलेले मिली भागिले २०, संपलं. व्यास कडेच्या आतून मोजा. १६ ऐवजी साडेपंधरा असेल आणि भागाकार २० नेच केला तर पाऊस सहा टक्के कमी दिसतो.

फनेल पाच लिटरच्या कॅनमध्ये घट्ट बसवा. त्यात २५० मिमी मावतो. लाल इशारा असेल तर रात्री एकदा मधेच मोजून रिकामा करा आणि दोन्ही आकडे जोडा. उथळ फनेलमधून मोठे थेंब उसळून बाहेर जातात, म्हणून कडेवर त्याच व्यासाच्या पाइपचा किंवा डब्याचा दहा सेंमी उंच कडा बसवा आणि जोड सिलिकॉनने बंद करा. मोजायला २५० मिलीचा नरसाळ्यासोबत मिळणारा मापाचा पेला किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला मोजनळा.

जागा निवडण्यात लोक सर्वांत जास्त चुकतात. कठड्यालगत ठेवलं तर वाऱ्याने पाऊस वरून निघून जातो. कठड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर आत या. टाकी आणि लिफ्टच्या खोलीपासूनही तेवढंच लांब. लादीवर आपटलेलं पाणी आत उडू नये म्हणून कॅन विटांवर उंच ठेवा आणि खाली पायपुसणं किंवा कृत्रिम गवत अंथरा. उंच इमारतीच्या गच्चीवर वारा जास्त, त्यामुळे जमिनीवरच्या मोकळ्या जागेपेक्षा पाऊस कमीच भरेल. बागेत वरून आकाश मोकळं असलेला कोपरा असेल तर तो निवडा. कॅनला पांढरा रंग द्या, नाहीतर उघडीप पडली की पाणी उडून जातं.

रोज सकाळी साडेआठलाच मोजा आणि ओतून द्या. पाणी साठवून ठेवलं तर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची फवारणीवाली माणसं तुमचा कॅन उचलून नेतील, ते योग्यच. आकडा पडताळायला कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो. तुमच्या मंडळाशी रोज जुळणार नाही. पण महिन्याच्या बेरजेत सातत्याने वीस-पंचवीस टक्के कमी येत असेल तर आधी फनेलमध्ये पान अडकलंय का ते बघा, मग जागा बदला.